एका घरात दोन कारकून

रात्रीचे साडेअकरा. माडीवर वायफाय पोहोचावे म्हणून जिन्याच्या वळणावर जो एक्स्टेंडर गेल्या आठवड्यात बसविला, त्याने मूळ राउटरची सनद न घेताच परस्पर पत्ते वाटण्याचा कारभार आरंभिला आहे, हे आज दोन तासांच्या खटाटोपानंतर उमगले. एकाच दप्तराच्या दोन वह्या, आणि त्यांचा परस्परांशी ताळमेळ नाही. परिणामी प्रिंटर आणि मुलीचा फोन १९२.१६८.१.५ या एकाच पत्त्यावर हक्क सांगत बसले. (दोष तरी कोणाला द्यावा? दाखला दोघांपाशीही होता.) अखेर एक्स्टेंडरचा पत्ते वाटण्याचा (डीएचसीपी) अखत्यार काढून घेतला, त्याला वाटपाच्या हद्दीबाहेरचा स्थिर पत्ता दिला, आणि प्रिंटरचा पत्ता राउटरच्या दप्तरी त्याच्या मॅक क्रमांकाशी बांधून टाकला. प्रिंटर आता आज्ञा पाळतो आहे. कागद मात्र संपला.