आशाताईच्या फॉर्ममधला एक प्रश्न

गावोगावी आशाताई तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, खोकला किती दिवसांचा, असे बरेच प्रश्न त्यात आहेत. साठीच्या पुढच्यांसाठी शेवटी आणखी थोडे असतात आणि त्यांतला एक असा : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

मी मानसोपचारतज्ज्ञ. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यात वृद्धांना तपासताना या प्रश्नापुढची ‘होय’ची खूण मला अनेकदा दिसते. मग कागद सांगतो, आरोग्य केंद्रात पाठवा. माझं म्हणणं त्या खुणेच्या पुढचं आहे.

एक माय आठवते. बाहेर धानाची कापणी सुरू होती आणि ही पहाटे चारला पदर खोचून रोवणीला निघायची. आयुष्यभर लोकांच्या बांधीत परे, म्हणजे धानाची रोपं, लावलेले हात ते. सुरुवातीला शेजारी म्हणाले, बुढी सठियाली. एकदा ती रेल्वेच्या रुळांपाशी सापडली. हावड्याहून नागपूर-मुंबईकडे जाणारी मुख्य लाइन आमगावातून जाते, गाड्यांना खंड नसतो. त्या दिवसापासून सुनेने मजुरीला जाणं सोडलं. मुलगा कामासाठी नागपुरात. ऐन कापणीत घरातले कमावते हात निम्मे झाले.

अशा माणसाला तपासताना आज तारीख किती, हे विचारून काही कळत नाही. शाळेत न गेलेल्या बाईला तारीख कधीच लागली नव्हती. मी विचारतो, पोळा झाला का? परे कधी टाकतात? मारबत कोणत्या दिवशी निघते? नाती विचारतो, स्वयंपाकाचा क्रम विचारतो. रक्त, मन आणि कानही तपासावे लागतात, कारण बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा नुसतं ऐकू न येणं यांतूनही विसरभोळेपणा दिसतो आणि त्यावर उपाय असतो. म्हणून ‘होय’ची प्रत्येक खूण म्हणजे डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंश, नव्हे. पण प्रत्येक खुणेमागे कुणीतरी त्या घरी परत गेलंच पाहिजे.

लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के काढलं, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आजार शहरी, सुखवस्तू म्हाताऱ्यांचा, हा समज सोडायला हवा.

सरकारी पैसा येतच नाही असं नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्याच्या खर्चात राज्याचा वाटा असतो. २०२४ मध्ये आपल्या राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली : पासष्टीपुढच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये. मी तिचं मनापासून स्वागत करतो, कारण ऐकू न येणं हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे. श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्याचे दीड हजार म्हणजे सुनेच्या पाच दिवसांचीही भरपाई नाही. काठी विकत आणता येते. पहाटे चारला दाराशी जागं राहणारं माणूस कुठून आणायचं?

केरळ सरकारने २०१४ मध्ये ‘स्मृतिपथम्’ सुरू केलं. एआरडीएसआय या डिमेन्शियावर काम करणाऱ्या संस्थेला सोबत घेऊन दिवसभर सांभाळणारं केंद्र उभारलं, निवासी केंद्रही. ‘आश्वासकिरणम्’ नावाच्या दुसऱ्या योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये ठरले. रक्कम लहान आहे, पण सेवा करणाऱ्या व्यक्तीचं नाव सरकारी यादीत आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे तेच जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही. धानाच्या मुलखात सांभाळाची गरजही हंगामाने चढते-उतरते. रोवणीचे आणि कापणी-मळणीचे आठवडे घरं ओस पाडतात, भटकणं आणि पडणं तेव्हाच वाढतं. तेवढ्या काळासाठी गावात एक खोली, ओळखीच्या दोन बाया, जेवण आणि आशाताईची फेरी, याला पैसा हवा. बाहेरून नर्स आणायची गरज नाही. दोन बायांना आठवडाभर शिकवलं की पुरे : वाद घालायचा नाही, रोवणी झाली हे पटवत बसायचं नाही, परे लावायच्या गोष्टी काढायच्या, सूर्य कलला की अंगणातला गोंगाट कमी करायचा. १९७५ मध्ये अंगणवाडीही देशात ३३ प्रकल्पांतच सुरू झाली होती. आई शेतावर असताना लेकरू कुणी बघायचं, हा प्रश्न तेव्हा सरकारने आपला मानला. सून शेतावर असताना सासू कुणी बघायची, हा त्याच घरातला प्रश्न आहे.

त्या सुनेने मला विचारलं होतं, “साहेब, मळणी होईस्तोवर तरी कोणी बसेल का हिच्याजवळ?” माझ्याकडे रात्रीची झोप लागावी म्हणून लिहिलेली चिठ्ठी होती. यंदा भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस येतील, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगेल, घरोघरी पाहुणे उतरतील. मायबापांना भेटायला आलेल्या मुला-मुलींनी आशाताईला एवढंच विचारावं, आमच्या घरच्या फॉर्मवर त्या प्रश्नापुढे काय लिहिलंय. आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत पुढच्या रोवणीआधी एका गावातली एक खोली बसावी, यासाठी ग्रामसभेत ठराव मांडावा. मसुदा लिहून द्यायला मी येईन.