बशीतल्या पेशी आणि माझा मामा

ब्रोकोली, कोबी, मुळा ही एकाच कुळातली भावंडं. ब्रोकोली चिरली किंवा चावली की तिच्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि सल्फोराफेन हे द्रव्य तयार होतं. प्रयोगशाळेतल्या बशीत या द्रव्यानं स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखलेली दिसली आहे.

माझ्या मामाला हाच आजार झाला, तेव्हा ही बातमी आमच्या घरी वेगळंच रूप घेऊन आली: "केमो सोडा, ब्रोकोलीचा रस प्या!" मामी तर लगेच मिक्सर काढायला निघाली.

मी शोधून वाचलं. जर्मनीत हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी ४० रुग्णांवर चाचणी घेतली होती. केमोसोबतच काहींना ब्रोकोलीच्या मोडांच्या कॅप्सूल दिल्या, रोज १५. निकाल २०२० साली छापून आला: फायदा सिद्ध झाला नाही, आणि एवढ्या कॅप्सूल गिळणंच अनेकांना जड गेलं.

मामीला हे सांगितलं. "म्हणजे केमो चालूच ठेवायची ना?" तिनं विचारलं. "हो. भाजी जेवणात, औषध औषधाच्या जागी."

बशीतल्या पेशी मरणं आणि माणूस वाचणं, यांत लांबचा पल्ला आहे. संशोधक तो पायी चालताहेत. आपण तो एका फॉरवर्डवर गाठू नये.