दोन व्याही, दोन गाड्या

फ्रिस्कोत राहतो म्हटलं की भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, "म्हणजे सॅन फ्रान्सिस्को ना?" नाही हो! आमचं फ्रिस्को टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला. पण नावाचा संबंध आहे खरा. सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेला लोक 'फ्रिस्को' म्हणत, तेच गावाला चिकटलं. गंमत म्हणजे आगगाडीमुळे वसलेल्या या गावातून आज आगगाडीने कुठेच जाता येत नाही. मोटारीवाचून इथे पान हलत नाही.

मागच्या वसंतात आमचे दोघांचेही वडील एकदमच आले. पुण्याचे नाना आणि नागपूरचे अण्णा. एका शनिवारी त्यांना जुन्या गाड्यांचा मेळावा पाहायला नेलं. लालभडक १९६५ ची मस्टँग समोर उभी, पण वाद रंगला तो फिएट आणि अॅम्बॅसेडरवरून!

नाना फिएटवाले. ही गाडी वालचंद हिराचंदांच्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पुढे तिचंच नाव 'पद्मिनी' झालं. इंजिन १०८९ सीसीचं, पण अंगाने हलकी. "पेठेतल्या बोळात सुद्धा वळते, आणि पेट्रोलही बेताचंच पिते," नाना म्हणाले.

अण्णांची अॅम्बॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालात उत्तरपाड्याला बनलेली. इंजिन १४८९ सीसीचं. "पण निम्मी ताकद तर स्वतःचं वजन ओढण्यातच जाते," नानांनी टोमणा मारला. "असू द्या हो व्याही! खेड्यातल्या रस्त्यावर तिचे पाटेच टिकतात. आमच्या हिच्या लग्नाला नऊ माणसं आणि डिकीत सगळा आहेर घेऊन गेली होती!"

घाटात मात्र दोघींची गत एकच. बॉनेट उघडायचं, पाण्याचा डबा काढायचा आणि वाट पाहायची. अॅम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. हे ऐकून दोघेही क्षणभर गप्प झाले.

घरी येताना आम्ही सहज विचारलं, "मग व्यवहाराला चांगली कोणती?" आम्हाला वाटलं, पुन्हा जुंपणार. नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "अरे, कुठलीही. घाटात तापायची, पण किल्ली माझ्या खिशात असायची."

आम्हाला एकदम आठवलं, परवा नानांना नुसती कोथिंबीर आणायची होती. दुकान तीन मैलांवर, बस नाही. आम्ही ऑफिसातून येईपर्यंत दोघे सहा वाजेस्तोवर बूट घालून दाराशी बसले होते. आमच्या गराजमध्ये दोन नव्या कोऱ्या गाड्या, आणि उभा जन्म स्वतः गाडी चालवलेली ही माणसं घरात अडकलेली!

तेव्हापासून दर बुधवारी आमच्यापैकी एक जण दुपारीच घरी येऊ लागला. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, ते दोघांनी ठरवायचं, आम्ही फक्त ड्रायव्हर. वाचकहो, तुमच्याकडे आईवडील येणार असतील तर असा एक दिवस आधीच राखून ठेवा. पुढच्या सीटवर कोणी बसायचं हा तंटा मात्र आम्हाला शेवटपर्यंत सुटला नाही!