डबीत मावेल तेवढं

मराठी माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या सामानाचे सरळ दोन भाग पडतात. एक लागणारं सामान आणि दुसरं 'असू दे, लागेल' या सदरातलं. पहिल्याला पिशवी पुरते, दुसऱ्याला हमाल लागतो. आमच्या घराण्यात हे दुसरं सदर फारच समृद्ध आहे. सकाळी आळंदीला जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं तरी आमच्या मातोश्री बरोबर अडकित्ता, स्वेटर आणि नारळ फोडायला घरचा दगड घेतात. आळंदीला दगड मिळतात हे त्यांना मान्य आहे, पण ते 'आपले' नसतात.

अशा घरात एके दिवशी चिरंजीवांनी जाहीर केलं की कॉलेजच्या ट्रेकिंगवाल्या मुलांनी प्रत्येकाला एक 'सर्व्हायव्हल किट' बनवायला सांगितलं आहे. रानात वाट चुकली, पाय मुरगळला, अंधार पडला, तर जीव तगवण्यापुरतं सामान एका लहान डबीत, खिशात बसेल असं. सौ.ने या भारदस्त इंग्रजी शब्दाचं एका क्षणात भाषांतर केलं, "म्हणजे आजीबाईचा बटवाच की!" मातोश्रींनी मान हलवली आणि त्या सुंठ शोधायला उठल्या.

आता आम्ही राहतो सोमाटण्याला. सोमाटणे फाट्यावर राहणाऱ्या माणसाला या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण फुकट मिळतं. पावसाळा सुरू झाला की दर रविवारी पुण्याकडचा लोंढा फाट्यावर येतो आणि पवना धरणाकडे वळतो. कोणाला तिकोना, कोणाला तुंग, कोणाला नुसतंच धुकं. मी दुधाची पिशवी हातात घेऊन त्यांचं सामान न्याहाळतो. मी बँकेत क्लार्क आहे. समोरच्याजवळ काय आहे यापेक्षा काय नाही हे हेरणं हा आमचा धंदा. एका कंपूकडे माझ्या कपाटाएवढा स्पीकर होता आणि सहा जणांत पाण्याची एक बाटली. कर्जाचा अर्ज असता तर मी तिथल्या तिथे नामंजूर केला असता.

याच मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी मावळे राहत होते. त्यांचं किट काय? घोंगडी, भाकरी, कांदा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेला लोहगड १६७० मध्ये परत घेतला, तो काही पाठीवर फोल्डिंगची खुर्ची बांधून नव्हे. त्यातली घोंगडी तर मोठी शहाणी वस्तू. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. जीनची पँट भिजली की अंगातली ऊब स्वतःच पिऊन टाकते आणि वर दोन किलो जड होते. मावळातल्या पावसात नि वाऱ्यात माणूस जुलै महिन्यातही कुडकुडून गारठतो, हे मावळ्यांना ठाऊक होतं. लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. घोंगडीचा अर्ज अजून कोणी केलेला दिसत नाही.

साहेबांकडेही या शास्त्राचे एक आद्य गुरू होऊन गेले, बेडन-पॉवेल. १९०८ साली त्यांनी बालवीरांसाठी पुस्तक लिहिलं आणि 'सदा तयार राहा' असा मंत्र दिला. या गृहस्थांची आद्याक्षरं बी. पी. सदा तयार राहणाऱ्या माणसाला दुसरं काय होणार?

आमच्या घरी डबी ठरवण्यासाठी समिती बसली. अंगाच्या साबणाची झाकणवाली प्लॅस्टिकची डबी पात्र म्हणून एकमताने निवडली गेली. एकमत तिथेच संपलं. मातोश्रींनी सुंठ, ओवा, जायफळ आणि अंगारा पुढे केला. सौ.ने पोह्यांचा चिवडा सुचवला. डबीत चिवडा म्हटल्यावर चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. शेजारचे काका देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी कुऱ्हाड घ्या." साबणाच्या डबीत कुऱ्हाड कशी बसवायची, यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "दांडा काढून."

शेवटी मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याचं सर्वांच्या निदर्शनास आणून दिलं आणि सूत्रं हाती घेतली. मी म्हटलं, प्रत्येक वस्तूने आपली नोंद दोन्ही बाजूंना करावी. जमेला उपयोग, नावे वजन. आणि शक्यतो एका वस्तूने दोन कामं करावीत, कारण आमच्या शाखेत एका माणसाला तीन काउंटर सांभाळावे लागतात.

या चाळणीतून जे उरलं ते असं. पहिली, शिट्टी. ओरडून माणसाचा घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी तासभर वाजते. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. संकटात आहोत, असं सांगायची ही जगभरच्या डोंगरांतली भाषा आहे. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. (मातोश्री म्हणाल्या, "तीन शिट्ट्यांत वरण होतं." सहात काय होतं ते मी सांगितलं नाही.) दुसरी, अंगठ्याएवढी बॅटरी. तिच्यातला सेल उलटा घालून ठेवायचा, म्हणजे खिशात चुकून पेटून ती आधीच संपत नाही. तिसरी वस्तू, औषधाच्या रिकाम्या बाटलीत मेणात बुडवलेल्या दहा काड्या. काड्यांबरोबर पेटीची घासायची पट्टीही कापून ठेवायची. नाहीतर दहा काड्या आणि ओला दगड घेऊन माणूस अश्मयुगात पोचतो.

मग बोटभर मेणबत्ती, चार सेफ्टी पिना, ब्लेड, बँडेजची गुंडाळी, पाच मीटर नायलॉनची दोरी आणि क्षार-साखरेची म्हणजे ओआरएसची पुडी. ही पुडी अख्ख्या लिटरभर पाण्यात घालायची असते. अर्ध्या ग्लासात सरबत केल्यासारखी ढवळून प्यायची नसते. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि 'सपाट' हा शब्द सौ.ला दोनदा सांगावा लागला, कारण आमच्या घरी चमचा हा नेहमी शिगोशीग असतो. घडी घातलेली कचऱ्याची मोठी काळी पिशवी तळाशी गेली. चेहऱ्यापुरतं भोक पाडून अंगात घातली की रेनकोट, झाडाला ताणली की छप्पर. कचऱ्याच्या पिशवीत लेक बसणार या कल्पनेने सौ.चे डोळे भरून आले, पण ठराव मंजूर झाला.

मी स्वतः दोन वस्तू घातल्या. एक म्हणजे दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. गडाखालच्या मावशींच्या टपरीवर क्यूआर कोड असतो, रेंज नसते. दुसरी, घरचे नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद. हल्ली ११२ हा मदतीचा नंबर पोरांना पाठ असतो, पण बापाचा नंबर फोनलाच पाठ. फोन मेला की बाप बेवारस.

साप चावला तर काय, हा प्रश्न मातोश्रींनी काढला. काका म्हणाले, "ब्लेड आहे ना, चिरायचं आणि चोखायचं." हे मात्र ठामपणे रद्द केलं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं तर मुळीच नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. घोणस असो, फुरसं असो, मण्यार असो, उतारा तिथेच असतो. डबीतल्या कोणत्याही वस्तूचा त्याच्याशी संबंध नाही. अंगाऱ्याचाही नाही, असं मी मनात म्हटलं.

डबी भरल्यावर चिरंजीव तिच्याकडे असे पाहू लागले, जणू आता एव्हरेस्ट काय, यमलोकातूनही परत येऊ. तेव्हा मला आमची बँक आठवली. बँकेला ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. त्याला सी. आर. आर. म्हणतात. त्यावर व्याज मिळत नाही, मनात आलं म्हणून तो कर्जाला वापरता येत नाही. पण तो आहे म्हणून वाटेल त्याला कर्ज द्यावं, असं कोणी म्हणत नाही. डबीचं तेच. ती धाडस करण्यासाठी भांडवल नव्हे.

कारण काही गोष्टींवर डबी चालत नाही. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पाणी वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५, तोही रविवारच. आमच्याच तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला आणि चार माणसं गेली. ती सगळी आपल्यासारखीच, रविवारी पाऊस बघायला घराबाहेर पडलेली. यातल्या कोणाच्या खिशात शिट्टी असती तरी काय झालं असतं? त्या दोन संध्याकाळी फाट्यावरून जाणाऱ्या अॅम्ब्युलन्सचा आवाज ऐकू आला की घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. चिरंजीव घरातच बसलेले होते, तरी सौ. दोनदा उठून त्यांच्या खोलीत डोकावून आली.

म्हणून मी डबीच्या झाकणात एक शेवटची वस्तू बसवली. चेक परत करताना बँक सोबत एक छापील मेमो देते. 'शिल्लक अपुरी', 'सही जुळत नाही', 'तारीख पुढची'. लागू असेल त्यावर खूण करायची, की काम झालं. वाद नाही, अपमान नाही. मी तसेच परतीचे दहा मेमो कापून ठेवले: १) पाण्याचा रंग गढूळ झाला. २) निम्मं पाणी संपलं, निम्मी वाट उरली. ३) दुपारचे दोन वाजले, माथा लांब. ४) पुलावर किंवा कड्यावर गर्दी. ५) म्होरक्या म्हणतो, 'आता एवढंच राहिलंय.' कोणत्याही एकावर खूण झाली की परत फिरायचं. मित्र हसले तर सांगायचं, बापाच्या बँकेचा नियम आहे.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे फारच बँकेसारखं झालं." पण मेमो फेकले नाहीत.

तेव्हापासून दर शनिवारी रात्री मी डबीची तपासणी करतो, गोदामातला तारण माल तपासतात तशी. कारण रानात तगून राहणारी ही डबी घरात तगत नाही. दिवे गेले की मेणबत्ती जाते. लग्नाला निघताना सेफ्टी पिना जातात. गॅसचा लायटर बिघडला तेव्हा सौ.ने मेणातली काडी वापरली आणि "छान पेटते हो" असं प्रशस्तिपत्रकही दिलं. सुटे पैसे भाजीवाल्याकडे पोचतात. मातोश्रींनी दोनदा गुपचूप सुंठ घातली. ती मी तशीच राहू दिली आहे.

गेल्या शनिवारच्या तपासणीत मेणबत्ती शून्य, पिना दोन, काड्या आठ, शिट्टी एक. मेमो दहा होते, ते नऊ भरले. मागच्या रविवारी चिरंजीव तुंगला गेले होते आणि दुपारच्या जेवणालाच घरी उगवले होते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि तंगड्या पसरून झोपले. पाचांपैकी खूण कशावर केली, ते मी विचारलं नाही. ग्राहकाची गोपनीयता असते. मी नवा मेमो कापून झाकणात घातला आणि सौ.ला म्हटलं, "मेणबत्त्यांचं एक पाकीट आण."