इसार देण्याआधी

पुणे जिल्हा पूर्वेला जिथं संपतो तिथं त्याला नदी आडवी येते. वरच्या अंगाला घोड, खालच्या अंगाला भीमा. घोडच्या काठी शिरूर, भीमेच्या काठी दौंड, आणि दोन्हीकडे पूल ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा. हडपसरचं भाडं पेन्शनीत बसणार नाही हे गणित आमच्या घरी मांडून झालं, पुण्याबाहेर पडायचं हेही ठरलं, आणि मग या दोन गावांपाशी आमचं घोडं अडलं.

ह्यांचा कल दौंडकडे. सासरे रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे ह्यांचं बालपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. अजूनही रात्री लांबवर शिट्टी वाजली की मालगाडी की एक्स्प्रेस, ते उशीवरून डोकं न उचलता सांगतात. बरोबर सांगतात की नाही, हे आजवर कुणी तपासलेलं नाही. माझं मन शिरूरकडे. तिथं माझा आतेभाऊ असतो. धंदा शेतीचा, पण अलीकडे हातात पैसा येतो तो प्लॉट दाखवण्यातून. "ताई, रोडटच आहे, एनए आहे, सातबारा कोरा आहे," तो फोनवर म्हणतो. "दाजींना म्हणावं आत्ता इसार देऊन ठेवा. दिवाळीनंतर हा भाव राहायचा नाय." गेली काही वर्षं प्रत्येक दिवाळीआधी तो हेच म्हणतो आणि प्रत्येक दिवाळीनंतर भाव खरंच राहत नाही. त्यामुळे त्याला खोटंही पाडता येत नाही.

शिरूरचा विचार करायचा म्हणजे आधी नगर रोडचा विचार करावा लागतो. खराडी बायपास, वाघोली, केसनंद फाटा, लोणीकंद, पेरणे फाटा, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, कारेगाव, मग शिरूर. पुण्यापासून 70 किलोमीटरच्या आत. पण हे अंतर किलोमीटरमध्ये सांगणारा माणूस एकतर प्लॉट विकणारा असतो, नाहीतर पहाटे चारला निघणारा. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून पायी निघाली आणि सकाळी कोरेगावला पोचली. त्या दिवशी तिथं लढलेल्या महार सैनिकांना मानवंदना द्यायला दर 1 जानेवारीला लाखो लोक जयस्तंभापाशी येतात, तेव्हा रस्ता वळवलेला असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उरलेल्या दिवसांचं काय? वाघोलीचे टॉवर, सणसवाडीचे कारखाने, शिक्रापूरच्या चौकात चाकणहून येऊन मिळणारे कंटेनर आणि रांजणगाव एमआयडीसीच्या कंपनी-बसेस, सगळ्यांना हाच एक रस्ता. शिरूरला रेल्वे नाही. उन्नत मार्ग होणार, हे मात्र आतेभाऊ मान्सून येणार म्हणावं तितक्या खात्रीनं सांगतो, आणि प्लॉटच्या भावात तो मार्ग त्यानं आधीच बांधून टाकलेला आहे.

तरीही शिरूर मला आवडतं. जुनी माणसं त्याला अजून घोडनदी म्हणतात. बाहेरून आलेल्याला या गावानं कसं सामावून घेतलं, याची एक गोष्ट इथल्या मातीत आहे. कर्नल विल्यम वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी 1809 मध्ये शिरूरच्या छावणीत वारला. त्याची कबर गावकऱ्यांनी नुसती राखली नाही, तो त्यांचा 'सत्पुरुष' झाला. 1885 च्या पुणे गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की सुगीच्या वेळी आसपासचे शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीला दाखवत. परक्या फौजेचा, परक्या धर्माचा माणूस, आणि त्याला पहिल्या कणसाचा मान! सोसायटीत तीस वर्षं राहून शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव ठाऊक नसलेल्या आम्हा पुणेकरांना हे वाचून जरा बरं वाटतं. अर्थात तो कर्नल होता. निवृत्त शिक्षिकेला कोण नैवेद्य दाखवणार?

शिरूर तालुक्याच्या वायव्येला, घोड आणि कुकडीच्या पाण्यावर, ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. बिबट्याची मादी उसातच वीत असल्यामुळे तिच्या पिल्लांना जंगल म्हणजे ऊसच वाटतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला बिबट्यानं माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. शिरूर शहराला याची झळ थेट नाही असं आतेभाऊ सांगतो आणि ते खरंही असेल, पण 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं जाहिरातीत लिहिणाऱ्यांनी हा निसर्गही त्यात धरावा. संध्याकाळी सातनंतर पोरांना अंगणात सोडायचं नाही, हा तिथल्या कितीतरी वस्त्यांचा नियम आहे. तो नियम पाळत जगणाऱ्यांकडे फार्महाऊसच्या नजरेनं बघू नये.

पण शिरूर तालुक्यात मला खरं थांबवलं ते इनामगावनं. घोडच्या काठचं हे गाव. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1968 पासून पुढं दीड दशक इथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास इथं माणसं राहायला आली. तेव्हा सातबारा नव्हता, पण जागा निवडण्याची अक्कल पक्की होती. काळी जमीन, बारमाही डोह आणि पुरापासून थोडं उंचावरचं बसकं. त्यांनी चौकोनी, ऐसपैस घरं बांधली. नदीचं पाणी पाटानं वळवून घेतलं आणि सातू पिकवला. गावच्या प्रमुखाचं घर पाच खोल्यांचं होतं आणि शेजारी धान्याचं कोठार. मूल दगावलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले सापडतात. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा कयास आहे. घराशी इतकं घट्ट नातं! घराला चिकटून राहायची ही कुठली ओढ असेल, की तिच्यासाठी आपल्याच माणसाचे पाय तोडावेत?

आणि तरीही ते गेले. इसवी सनापूर्वी 1000 नंतर पाऊस रोडावत गेला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीवर भागेना तसा शिकारीवरचा भार वाढला. 700 च्या सुमारास वस्ती उठली. म्हणजे 900 वर्षं एका काठावर राहिलेली माणसं पाण्यापायी उठून गेली. मेलेल्यांचे पाय तोडता आले, जित्यांचे थोपवता आले नाहीत. आतेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, आता चासकमानचं पाणी आहे, कुकडीचं आहे, घोडचं धरण आहे. तवा काय होतं?" त्याचंही बरोबर आहे. पण आवर्तन कधी सुटणार यावरून दर उन्हाळ्यात होणारी भांडणं त्यानंच मला सांगितलेली आहेत.

आता दौंड. इथं जायचं तर हडपसर स्टेशनवर उभं राहायचं. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस, दौंड. 2017 मध्ये डेमू सुरू झाली तरी लोकांच्या तोंडी 'शटल'च आहे. गाड्या कमी, गर्दी जास्त, आणि मुंबईसारखी लोकल द्या ही मागणी जुनी. तरी या डब्याला एक बूड आहे. नगर रोडवर प्रत्येक जण आपापल्या काचेआड एकटा तुंबलेला असतो. इथं पासधारक एकमेकांची जागा धरतात, बायका मेथी निवडतात, कुणाच्या मुलीचं स्थळ आणि कुणाच्या भावाचं ऑपरेशन यवतपर्यंत निकालात निघतं. आमचे हे तर डब्यात चढताच गार्डाच्या पोराच्या रुबाबात दारापाशी उभे राहतात. वयाला शोभत नाही, पण गाडीत कुणाला काय सांगणार!

दौंड मुळात रेल्वेनंच मोठं केलेलं गाव. 1878 मध्ये मनमाडला जाणारा फाटा इथून निघाला आणि जंक्शन झालं. मनमाडकडून पुण्याला येणाऱ्या गाड्यांना इथं इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लावावं लागे, आणि तेवढ्या वेळात फलाटावरचे चहावाले आणि वडेवाले आपला दिवस काढत. आता कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या गावाला बगल देऊन निघून जातात. प्रवाशाची अर्धा तास बचत झाली. ती कुणाच्या खिशातून झाली, ते फलाटावर विचारावं. 1 एप्रिल 2024 पासून दौंड सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं. कागदावर तरी गाव पुण्याला जवळ सरकलं.

पण दौंडला पुणे त्याच्या कितीतरी आधी पोचलं आहे, आणि ते रेल्वेनं नाही. मुळा-मुठा पुण्यातून निघते ती शहराचं सगळं पोटात घेऊन, आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. पुढं घोडही येऊन मिळते आणि हे सगळं पाणी दौंडच्या पुलाखालून उजनीकडे जातं. पावसाळ्यात सोलापूरकर वर्तमानपत्रात आधी दौंडचा विसर्ग किती क्युसेक ते बघतात आणि मग बाकीच्या बातम्या वाचतात. दुसरीकडून खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा हडपसरवरून दौंड आणि इंदापूरच्या शेतांकडे येतो. पुण्यानं जास्त पाणी उचललं की इकडचं आवर्तन लांबतं. म्हणजे पुण्याचं प्यायचं पाणी इथं भांडून मिळवायचं आणि वापरलेलं न मागता येतं. संगम पुलावरून जाताना इतकी वर्षं नाकाला पदर लावून मी खिडकीची काच वर केली, तेच पाणी माझ्या आधी दौंडला जाऊन राहिलेलं आहे. हे ह्यांना बोलून दाखवलं तेव्हा गार्डाचा मुलगा पहिल्यांदा गप्प झाला.

पुण्यातून बाहेर पडणारा माणूस पुण्यालाच जाऊन भेटतो, हे मला तेव्हा कळलं. शिरूरला पुणे रस्त्यावरून येतं, ट्रकांच्या आणि प्लॉटच्या भावांच्या रूपानं. दौंडला ते नदीतून आणि कालव्यातून येतं. शांत, स्वच्छ, स्वस्त आणि पुण्याच्या हाकेच्या अंतरावर, या चार गोष्टी एका फलकावर मावतात, जमिनीवर मावत नाहीत. कुठल्या पुण्याबरोबर राहणं आपल्याला झेपेल, एवढंच आपल्या हातात उरतं.

दौंड तालुक्यातच केडगाव आहे, आणि जागा निवडण्याच्या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचं नेहमी नवल वाटतं. पुण्याच्या शारदा सदनाचा खर्च निघावा म्हणून त्यांनी इथं स्टेशनपासून जवळ फळबागेसाठी जमीन घेतली. मग 1896-97 चा दुष्काळ पडला, पाठोपाठ पुण्यात प्लेग, आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींना ठेवायला शहरात जागा मिळेना. फळबागेच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खणल्या, छापखाना आला, बायका स्वतः खिळे जुळवू लागल्या. पुढं बायबलचा मराठी अनुवादही रमाबाईंनी तिथंच केला आणि 1922 मध्ये त्या तिथंच गेल्या. माळरान पाहून त्यांनी 'डेव्हलपमेंटला स्कोप आहे' असं म्हटलं नसणार. त्यांना हवी होती ती पाण्याची विहीर आणि चालत पोचता येईल असं स्टेशन.

माझ्या यादीतही शेवटी एवढंच उरलं. बाकी सगळं आतेभावाच्या तोंडी आहेच, गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, अमुक इतका रस्त्यात जाणार, पीएमआरडीएची हद्द तालुक्याच्या काही भागापर्यंत, रिंग रोड झाला की भाव दुप्पट. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, आणि त्याला वळसा घालून गुंठा-गुंठा विकण्याची कला त्याहून फार धाकटी नाही. ज्या प्लॉटचा वेगळा सातबारा निघत नाही, पाच-दहा जणांची नावं एकाच उताऱ्यावर येणार असतात, तो रोडटच असला तरी घेऊ नये. हे त्याला सांगितल्यावर तो हसला. "ताई, तू शाळेत काय शिकवायचीस गं?" मी भूगोल शिकवायचे. म्हणून कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांकडून वारा कुठल्या महिन्यात कुठं वाहतो, हेही मी विचारून ठेवलं आहे.

आमचा निकाल झाला. दौंड, पण प्लॉट नाही. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी भाड्याची जागा, पाडव्यापासून. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ तिथं काढायचे. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, टँकर कुणाच्या दारात थांबतो, शटल किती वेळा रद्द होते, नदीचा वास घरात येतो की नाही, हे अंगानं बघायचं. जमलं तर पुढं बघू, नाही जमलं तर भाड्याचं घर सोडायला कुणाचे पाय बांधलेले नसतात. आतेभाऊ जरा नाराज आहे.

तुम्हीही त्या बाजूला जागा बघत असाल तर एक करा. प्लॉट दाखवणारे श्रावणात नेतात, सगळं हिरवं असतं तेव्हा. तुम्ही मे महिन्यात, दुपारी जा. आणि इसाराचे पैसे घरी ठेवून जा.