परस्पर मिटवलेल्या चुका

न्हावा शेव्याच्या कंटेनरच्या धंद्यात संगणक अडकला की पहिला संशय व्हायरसवर जातो. त्याला कारणही तसंच आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या व्हायरसने माएर्स्क या जहाजकंपनीच्या संगणकांचा जगभर फडशा पाडला, तेव्हा इथल्या बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडियाही ठप्प झालं होतं. तेव्हापासून संगणक बंद म्हणजे ट्रेलरची रांग, हे गणित इथे शिपायालाही पाठ आहे. आमच्या गेटवरचा स्क्रीन मधूनमधून गोठायला लागला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो अँटीव्हायरसचाच.

मी द्रोणागिरी नोडमधल्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, सर्व्हर सांभाळते. ट्रेलर येतो, क्लार्क कंटेनर नंबर आणि सील पाहतो, नोंद करतो, बूम वर जातो. ही नोंद रेंगाळायला लागली. सेकंदभर, कधी त्याहून जास्त, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं सुरळीत. "मॅडम, परत अडकलं बघा," असा फोन यायचा आणि मी पाहीपर्यंत सुटलेलं असायचं. नेटवर्कवाल्यांनी स्विच बदलला. सॉफ्टवेअरवाल्यांनी डेटाबेसचे इंडेक्स नव्याने बांधले. पावसाळा चालू होता, आणि या किनाऱ्यावर खारी हवा हे कुठल्याही बिघाडाचं तयार उत्तर असतं. तेही देऊन झालं. लिनक्सचा लॉग मात्र कोरा. प्रोसेसर निवांत, डिस्क निवांत.

धागा सापडला तो टर्बोस्टॅट नावाच्या एका साध्या आज्ञेत. तिच्या तक्त्यात एसएमआय नावाचा एक रकाना असतो, ज्याकडे सहसा कोणी बघत नाही. निरोगी यंत्रावर तो आकडा शून्याला चिकटून असतो. आमचा हलत होता, आणि गेट गोठलं की उड्या मारत होता.

एसएमआय म्हणजे फर्मवेअरची, बोर्डातच बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरची, हाक. ती आली की प्रोसेसरचे सगळे कोअर हातातलं काम टाकून एका वेगळ्या अवस्थेत जातात, फर्मवेअरचा कोड चालवतात आणि परत येतात. ही सोय इंटेलने १९९० मध्ये ३८६एसएल या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये आणली, मुख्यतः वीज वाचवायला. ऑपरेटिंग सिस्टीमला यातलं काही सांगितलं जात नाही. तिच्या लेखी मधला वेळ गेलेलाच नसतो. घड्याळ तेवढं पुढे सरकलेलं दिसतं. लिनक्सचा एचडब्ल्यूलॅट हा ट्रेसर नेमक्या अशा चोरीला गेलेल्या क्षणांवर पाळत ठेवतो. तो लावला आणि भोकं दिसायला लागली.

मग मदरबोर्डवरच्या बीएमसीचा, म्हणजे देखरेखीसाठी बसवलेल्या छोट्या स्वतंत्र संगणकाचा लॉग उघडला. त्यात कामाची एकच ओळ होती. एका स्लॉटमधल्या रॅमबद्दल, दुरुस्त होऊ शकणाऱ्या चुका नोंदवण्याची मर्यादा गाठली गेली आहे, अशी. सरकारी वहीलाही लाज वाटेल असं वाक्य! चुका थांबल्या नव्हत्या. लिहिणं थांबलं होतं.

आमच्या सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवलेले असतात. त्यांच्या जोरावर एक बिट उलटला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. मूळ युक्ती बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगची, १९५० सालची. अशा चुका दुर्मीळही नाहीत. बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये गूगलच्याच सर्व्हरांचा अभ्यास मांडला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमच्या पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. म्हणजे चूक होणं हा प्रश्नच नाही. झालेली चूक कोणाच्या दारात न्यायची, हा आहे.

जुन्या रीतीत प्रोसेसर थेट ऑपरेटिंग सिस्टीमला कळवायचा. पुढे 'फर्मवेअर आधी' ही रीत आली. २००९ च्या एसीपीआय ४.० या मानकात तिचे नियम घालून दिले गेले: चूक आधी फर्मवेअर पाहील, योग्य वाटलं तर नीट अहवाल लिहून ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देईल. आमच्या यंत्राने बूट होताना हे जाहीरही केलं होतं. दुरुस्त चुकांसाठी फर्मवेअर आधी, अशी एक ओळ लॉगच्या सुरुवातीलाच होती. हजार ओळींमध्ये ती कोण वाचतं? प्रत्येक उलटलेल्या बिटामागे फर्मवेअर सगळे कोअर थांबवत होतं, रजिस्टरं वाचत होतं, आणि अहवाल काही पुढे देत नव्हतं. घरातलं भांडण परस्पर मिटवावं तसा कारभार.

सर्व्हर कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर आला तेव्हा मी जरा तापलेच होते. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या लिनक्सला पत्ता कळतो, पट्टी कळत नाही." हे खरं होतं. लागोपाठचे पत्ते अनेक चॅनेलवर विखुरलेले असतात. कुठला पत्ता बोर्डावरच्या कुठल्या छापील नावाच्या स्लॉटमध्ये जातो हे बोर्ड बनवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. शिवाय यंत्र अचानक मेलं तर शेवटची नोंद फर्मवेअरच जपून ठेवू शकतं आणि पुढच्या बूटला सिस्टीमच्या हाती देऊ शकतं. मेलेल्या लिनक्सकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

पण त्या पत्त्यावर काय ठेवलंय, हे फर्मवेअरला कधीच कळत नाही. आमच्या यार्डातला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर घ्या. त्याचा कंट्रोलर कंप्रेसर, पंखे, डीफ्रॉस्ट सगळं स्वतः बघतो. आत नाशिकची द्राक्षं आहेत की गोठवलेलं मांस, आणि ते आज जहाजावर चढायचंय की परवा, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून रीफरवाला फेरी मारून रीडिंग घेतोच. लिनक्सला ठाऊक असतं की खराब होत चाललेलं ४ किलोबाइटचं पान डेटाबेसचं आहे की रिकामं. त्यावर पुन्हापुन्हा चूक दिसली तर ते मजकूर दुसरीकडे हलवून तेवढं पान कायमचं बंद करू शकतं. चूक दुरुस्तीपलीकडची असेल तर कित्येकदा एकाच प्रोग्रॅमचा बळी देऊन बाकी यंत्र वाचवू शकतं. यासाठी त्याला वेळेवर कळायला मात्र हवं.

इंजिनियरची खरी अडचण वेगळीच निघाली. वॉरंटीत रॅम बदलून द्यायची तर त्याच्या कंपनीला बीएमसीचाच पुरावा लागतो. चुका थेट लिनक्सकडे गेल्या आणि बीएमसी गप्प झालं तर त्याचं तिकीट उघडत नाही. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

ती पट्टी लॉगमधल्या त्याच ओळीच्या बळावर बदलून मिळाली आणि गेट मोकळं झालं. वाटणी मात्र आम्ही नव्याने केली. बायोसमध्ये दोन्ही प्रकारच्या चुकांसाठी वेगळे पर्याय होते, चांगले खोल लपवलेले. दुरुस्त होणाऱ्या चुका लिनक्सकडे, जीवघेण्या आधी फर्मवेअरकडे. रासडेमन बसवला, तो प्रत्येक चूक छोट्या डेटाबेसमध्ये लिहितो. त्यातल्या चॅनेल क्रमांकापुढे स्लॉटचं छापील नाव मॅन्युअल उघडून भरलं. हा तक्ता पुरावा म्हणून चालेल, असं मी कंपनीकडून मेलवर लिहून घेतलं. तोंडी चाललं असतं असं तो म्हणत होता. मी ऐकलं नाही.

उत्साहात पीसीआय एक्सप्रेसच्या चुकांचा ताबाही लिनक्सला मिळेल असं केलं. बूट होताना लिनक्स तो फर्मवेअरकडे रीतसर मागतं. आजवर नकार मिळत होता, आता होकार मिळाला. दुसऱ्या दिवशी लॉग फुगून डिस्कच्या गळ्याशी आलेला! नेटवर्क कार्ड दर क्षणाला 'दुरुस्त झालेली चूक' म्हणून ओरडत होतं. कार्ड काढून पाहिलं तर संपर्काच्या पट्ट्या काळवंडलेल्या. खाऱ्या हवेचं तयार उत्तर यावेळी बरोबर निघालं. पट्ट्या पुसून कार्ड बसवलं, गोंगाट थांबला. पण इतकी वर्षं फर्मवेअर हे ओरडणं स्वतःशी ठेवत होतं, ते अगदीच बिनडोकपणे नव्हतं, एवढं मानावं लागलं. लॉगला मग मीही मर्यादा घातली. फरक इतकाच की किती ओळी गाळल्या, तो आकडा माझ्या लॉगमध्ये येतो.

यंदा नवे सर्व्हर घ्यायचे आहेत. कोटेशन मागवताना मी एक अट टाकली आहे: दुरुस्त चुकांचं 'फर्मवेअर आधी' ग्राहकाला बंद करता आलं पाहिजे, आणि ते बायोसमध्ये कुठे आहे ते लेखी द्यावं. परचेसवाल्या दादांनी विचारलं, ही अट काढली तर दर कमी येईल का. एका पुरवठादाराचं उत्तर आलंय, त्यात दर आहे, डिलिव्हरीची तारीख आहे, आणि या अटीपुढे नुसतं 'होय' लिहिलंय. त्याला फोन करून विचारणार आहे, होय म्हणजे कुठल्या मेनूत.