अर्धलीची कोंबडी

माझ्या दहावीच्या फॉर्मचे पैसे अंड्यांतून आले. वडील त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते, आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची, आणि पाटणच्या बाजारात अंडी विकून जे काही येई ते गाडग्यात पडे. कोंबडी मात्र आमची नव्हती. वरच्या आळीच्या आक्कानं ती आईला अर्धलीनं दिलेली. कोंबडी तिची, राखण आमची, आणि पिल्लं हाताशी आली की निम्मी तिची, निम्मी आमची. अंडी उबवून उरतील ती आमच्याच घरात. कागद नाही, साक्षीदार नाही.

आता पुण्यात माझ्या टेबलावर अंडी उबवायचं यंत्र आहे. निवृत्तीनंतर मुलानं आणून दिलं. प्लास्टिकची पेटी, आत पंखा, अंडी आपोआप कलवणारा ट्रे, वर तापमानाचे लाल आकडे. सोबतची पुस्तिका वाचायला बसलो आणि पानापानावर आक्का भेटत गेली.

अंडी आठवड्याहून जुनी नकोत, धुऊ नयेत, निमुळतं टोक खाली ठेवावं, असं पुस्तिका सांगते. आक्का अंडी जोंधळ्याच्या मडक्यात खुपसून ठेवायची, टोक खालीच. कोंबडी खुडूक झाली की प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ मारून ती भुशाच्या टोपलीत मांडायची. बसल्या कोंबडीखाली दुसरी येऊन अंडं घालून जाते. बिनरेघेचं दिसलं की काढून घ्यायचं, नाहीतर एकाच टोपलीत एकवीस दिवसांची आणि चार दिवसांची अंडी मिसळतात आणि पहिली पिल्लं फुटली की कोंबडी उठून जाते. मी पेन्सिलीची खूण करतो. वळणाचा ट्रे असताना खुणेची गरज नाही, पण करतो.

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस हवं. स्वस्तातल्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. ताप बघायचा थर्मामीटर आत ठेवून पडताळावं, तो ९९.५ फॅरनहाइटच्या आसपास दिसला पाहिजे. आक्काकडे थर्मामीटर कुठला? ती कोंबडीखालचं अंडं काढून मिटलेल्या पापणीवर टेकवायची आणि म्हणायची, "बेस हाय." ही तिची लहर असावी, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुढे वाचनात आलं, की इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे कारागीर ऊब अशीच पापणीवर जोखतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरनं १७४९ साली या कृत्रिम उबवणीवर अख्खा ग्रंथ लिहिला. तापमान मोजायच्या एका पट्टीला ज्याचं नाव आहे, तोच हा. आक्कानं ना इजिप्त ऐकलं होतं ना रेओम्यूर. तरी पापणी तीच.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे बॅटरी धरली की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात, मध्ये हलणारा ठिपका. काहीच दिसलं नाही तर अंडं रिकामं. आक्का दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपीत अंडं धरायची. आमच्याकडे तेव्हा चिमणीच होती. कोयनेच्या विजेच्या तारा डोंगरावरून मुंबईकडे निघून जायच्या. शेवटच्या दिवसांत ती कोमट पाण्याच्या परातीत अंडी सोडायची. डोललं ते जिवंत. आम्हा पोरांना ती जत्राच वाटायची.

अठराव्या दिवसानंतर अंडी वळवणं बंद करायचं, आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर न्यायची आणि झाकण उघडायचं नाही. यंत्र घेणारे सगळे इथेच घसरतात. पिल्लू आधी रुंद टोकाच्या हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, आतूनच चिवचिवतं, मग कवचाला बारीक भोक पाडतं, आणि त्यानंतर तासन्‌तास गप्प बसतं. बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. लहानपणी मी असंच एक अंडं सोलायला हात घातला तेव्हा आक्कानं हातावर चापट मारली होती. "त्येचं त्येला यिऊ दे. आजून प्वाट भरतंय त्येचं." शब्दशः खरं. त्या वेळात आवरणातलं रक्त आटत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. त्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस दाण्यावाचून राहतं. घाईनं सोललं तर रक्त वाहून मरतं. यंत्र उष्णता देतं, ओल देतं, अंडी फिरवतं. बघत बसायची आणि हात न लावायची शिकवणी माझी आक्काकडे झाली.

यंत्राच्या पहिल्याच खेपेला रात्री लाईट गेली. घाबरून पेटीवर गोधडी टाकली आणि आक्काला फोन लावला. तिची नात बोलली, मग आक्का. "कोंबडी उठत न्हाई व्हय चारा खायाला? निज गुमान."

पण माझ्यावरचं खरं ऋण शिकवणीचं नव्हे. फॉर्म भरला त्याच उन्हाळ्यात मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना वळल्या, हिरवट हगवण लागली, आणि आठवड्यात खुराडं रिकामं झालं. आईनं आक्काची मूळ कोंबडी तरी भरून द्यायची म्हणून डोरल्यातला मणी मोडायचं ठरवलं. आक्का दारातच आडवी आली. "मेल्याला वाटा कशाचा गं?" म्हणाली, आणि पावसाळ्यानंतर स्वतःच दुसरी तलंग घेऊन आली. अट तीच, अर्धलीची. दान दिलं असतं तर आईनं घेतलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक असणार.

आता आक्काचं घर सिमेंटचं झालंय. खुराडं मोडलं, कोंबड्या गेल्या. गेल्या दिवाळीत मी गावठी अंड्यांची, माझ्याकडे निघून महिनाभर वाढलेली पिल्लं खोक्यात घालून तिच्या अंगणात नेऊन सोडली. सगळी तिचीच, म्हणालो. तिनं ती सुपाखाली घेतली, एक इकडे एक तिकडे अशी वाटली, आणि एक वाटा माझ्याकडे सरकवला. "ह्यो तुज्या आईचा." आई जाऊन बरीच वर्षं झाली, हे तिलाही माहीत होतं. मी वाद घातला नाही. तो वाटा खालच्या आळीत एका बाईला दिला, अर्धलीनं.

यंत्र घेणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. निघणाऱ्यांत निम्मे कोंबडे असतात आणि सोसायटीत पहाटेची बांग कुणी खपवून घेत नाही, तेव्हा पिल्लं कुणाच्या परसात जाणार ते अंडी मांडण्याआधी ठरवा. दुसरं, मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब टाकून देतात आणि पुढे ती पुन्हा द्यावी लागते. तिची लहानातली लहान बाटलीसुद्धा शंभराच्या घरात पिल्लांना पुरते, आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून एकट्यानं आणू नका. आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्यांचा एक दिवस ठरवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, आणि बाटली बर्फात घालून आणा.